भाषण ऐकून बोलायला शिकता येतं का? (सिंधुताईंचं एक व्याख्यान आणि आमची वार्षिक सभा)

निळी_शाई | १८ जुलै, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत अकरा वर्षं काम करते. खतावणी, वसुली, ठेवींचं व्याज, ऑडिटरच्या शंका, हे सगळं मला नीट जमतं. गेल्या वर्षी आमचे जुने सचिव निवृत्त झाले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली. सचिवाने वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, अहवाल वाचायचा आणि सभासदांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी शाळेत असतानाही कधी स्टेजवर गेले नव्हते.

गेल्या सप्टेंबरमध्ये उभी राहिले. दुसऱ्याच ओळीला घसा कोरडा पडला. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, जरा मोठ्यानं." मी मोठ्याने बोलण्याऐवजी भराभर वाचायला लागले. घरी घड्याळ लावून वीस मिनिटांचा बसवलेला अहवाल अकरा मिनिटांत संपला. मग एका सभासदाने थकबाकीबद्दल विचारलं. तो आकडा मला झोपेत उठवून विचारला तरी सांगता आला असता. पण मी गप्प उभी. शेवटी चेअरमननी उत्तर दिलं आणि विषय पुढे गेला. त्या रात्री मी जेवले नाही.

दिवाळीनंतर नणंदेने अनाथ मुलांना वाढवणाऱ्या सिंधुताई सपकाळांचं एक व्याख्यान पाठवलं. बघताना रडले. एवढं सोसलेली बाई हजार माणसांसमोर अशी उभी राहते आणि मी दीडशे सभासदांना घाबरते, असं वाटलं. आता घाबरायचं नाही, असं रात्रीच ठरवलं. चार दिवसांनी संचालक मंडळाची मासिक सभा होती, विषय क्रमांक तीन माझा. घसा तसाच कोरडा पडला. रडू आलं म्हणजे शिकून झालं, असं मी धरून चालले होते.

मग एका रविवारी तेच व्याख्यान खतावणी तपासायला घेतात तसं घेतलं. वही, पेन आणि थांबवायच्या बटणावर बोट. आतापर्यंत सात वेळा ऐकलंय. जे दिसलं ते लिहिते.

एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त श्रोत्यांचे चेहरे बघितले. कॅमेरा त्यांच्याकडे वळला की लक्षात येतं, डोळ्यांना रुमाल लावण्याच्या जरा आधी लोक हसलेले असतात. ताई आधी हसवतात. माणूस हसला की सैल होतो, आणि त्या सैल झालेल्या क्षणी त्या गोठ्यातल्या बाळंतपणाकडे वळतात.

एकदा डोळे मिटून फक्त आवाज ऐकला. जिथे मला वाटलं होतं की त्या ओरडतील, तिथे त्यांचा आवाज खाली उतरतो. बोलता बोलता त्या गाऊ लागतात आणि गाता गाता परत बोलण्यावर येतात, मध्ये सांधा कुठे दिसत नाही.

एकदा फक्त शब्द लिहून काढले. तेव्हा कळलं की "दुःख", "यातना", "संघर्ष" असले शब्द जवळजवळ नाहीतच. आहेत त्या वस्तू. गोठा, गाय, दगड, चिता, पीठ, भाकरी. नाळ दगडाने ठेचून तोडली हे सांगताना त्या घाव मोजतात. सोळा. आकड्यानंतर थांबतात. मी आयुष्यभर आकडे वाचत आले, पण आकडा सांगून थांबायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. मी आकडा म्हटला की लगेच पुढचा.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा धागा काढला. सातव्या वेळेनंतर मी त्यांची इतर व्याख्यानं शोधली. वेगळं गाव, वेगळं सभागृह, वेगळं साल. गोष्ट तीच, बऱ्याच ठिकाणी शब्दही तेच. आधी जरा वाईट वाटलं. मला वाटत होतं की हे सगळं त्या क्षणी आतून येतंय. मग विचार केला, ही बाई हे किती वेळा बोलली असेल? चौथी शिकलेली. हाताशी शेकड्यांनी पोरं. व्याख्यानाला जमलेल्या लोकांनी दिलेल्या पैशावर त्या पोरांची ताटं. शेवटी त्या पदर पसरतात तो खरोखरच धान्यासाठी. आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र आज या गावात, उद्या त्या गावात पुन्हा सांगायची, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं पाहिजे. मला चिकाटी दिसली ती इथे. त्या गोठ्यातल्या रात्री तर होतीच, पण नंतरच्या चाळीसेक वर्षांत जास्त दिसली.

आमची या वर्षीची सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. दोन महिने हातात आहेत. तुम्ही कसे शिकलात? कोणाचं भाषण ऐकून काही हाती लागलं का? खरंखुरं सांगा.

---

पाटावरवंटा | १८ जुलै, रात्री ११.१५

फार मनापासून लिहिलंय. दगडाचे घाव मोजण्याबद्दलचं वाचून थांबले. वाचनखूण साठवली आहे, अनुभवी मंडळींची वाट बघते.

---

रामप्रहर | १९ जुलै, सकाळी ६.२०

ताई, तुम्ही ज्याला सांधा म्हणताय तो कीर्तनातला आहे. माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे, मी त्यांच्या मागे टाळ धरून उभा असायचो, म्हणून सांगतो.

कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एक अभंग घ्यायचा आणि त्याचं निरूपण करायचं. मग मध्यंतरात नामाचा गजर, बुक्का, हार. उत्तररंगात आख्यान, म्हणजे पूर्वरंगातला विचार एखाद्या गोष्टीतून उभा करायचा. बुवा बोलता बोलता पदावर येतात आणि पद संपलं की त्याच शब्दावरून पुन्हा बोलू लागतात. श्रोत्याला विचार करून करून शीण आला की गाणं, गाण्यात तो रमला की पुन्हा विचार. शेकडो वर्षं आपल्या देवळांतून माणसं अशी दोन-दोन, तीन-तीन तास एका जागी बसवली गेली आहेत.

सिंधुताई कीर्तनकार नव्हत्या, पण त्यांचं व्याख्यान कानाला कीर्तनासारखं लागतं. ओवी, मग स्वतःची हकिकत, मग एखादा हिंदी शेर, मग हसू, मग पुन्हा हकिकत. आयुष्यातल्या एका कठीण काळात त्या रेल्वेत आणि स्टेशनांवर गाणी म्हणून भीक मागत होत्या. गाडीतल्या डब्यातला श्रोता पुढच्या स्टेशनला उतरणार असतो. त्याचं लक्ष तेवढ्यात मिळवायचं. मला वाटतं त्यांची खरी तालीम तिथे झाली.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याबद्दल. आजोबांची ठरलेली आख्यानं असतील पंचवीस. त्यातलं सुदाम्याचं तर मी शंभरेक वेळा ऐकलं असेल. मी एकदा विचारलं, तुम्हाला कंटाळा येत नाही का? ते म्हणाले, "पोहे तेच, पण आज कोणाच्या दारात नेतोय ते बघायचं." लहान गावात ते सुदाम्याच्या बायकोवर जास्त वेळ थांबायचे, कारण समोर बायका असायच्या. शहरात सुदाम्याच्या संकोचावर.

तुमच्या अहवालातही पूर्वरंग आणि उत्तररंग करता येईल. आधी संस्थेचं वर्ष एका वाक्यात, मग त्या वाक्याला धरून आकडे.

---

फळा_खडू | १९ जुलै, दुपारी १.०५

मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धांना नेलं. त्या अनुभवावर थोडं वेगळं बोलतो.

प्रेरणादायी भाषण ऐकून सगळ्यात आधी शिकला जातो तो आवाजातला कंप. एखादा प्रसिद्ध वक्ता जिथे गहिवरतो, तिथे आमची आठवीतली मुलं गहिवरायची. शब्द त्याचे, हुंदका त्याचा. परीक्षकांना पहिल्या दोन वर्षांत ते आवडतं, मग सगळ्याच शाळांतून तेच ऐकू येऊ लागतं. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीचं भाषण आठवा. "आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही माझी नम्र विनंती." महाराष्ट्रात ते वाक्य पाठ नसलेला माणूस मिळणार नाही, आणि त्याच्या पुढचं एकही वाक्य कोणाला आठवत नाही. कारण ते वाक्य कोणाचंच नसतं. त्याच दिवशी, १९२० साली, अण्णा भाऊ साठे जन्मले. मी मुलांना सांगायचो, अण्णा भाऊंबद्दल बोलायचं तर आधी वाटेगाव कुठे आहे ते नकाशात दाखवा, आणि वाटेगावाहून मुंबई किती लांब आहे ते बघून चालत जायला किती दिवस लागतील ते काढा. गणित केलं की मुलाचं स्वतःचं वाक्य आपोआप तयार व्हायचं.

मी स्वतः ज्यांना ऐकून शिकलो ते प्राचार्य शिवाजीराव भोसले. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांना ऐकायला माणसं सायकलीवरून शेजारच्या गावात जात. आम्हीही गेलो होतो. सिंधुताईंच्या अगदी उलटी रीत. गाणं नाही, पदर नाही, हुंदका नाही. वाक्य सावकाश यायचं, पण अर्धं राहायचं नाही. त्यांना ऐकून मला एवढंच उमगलं की जे वाक्य सुरू केलं ते संपवायचं. आपण मध्येच सोडून दुसरं धरतो, तिथे श्रोता निसटतो.

ताई, तुम्ही सिंधुताईंसारखं बोलायला जाऊ नका. तुम्ही जे वहीत टिपलंय ते फार मोलाचं आहे, कारण तुम्ही त्यांचा आवाज उचलला नाहीत, त्यांचं काम बघितलंत. पण अजून एक वही करा. तिच्यात स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून शब्दन् शब्द उतरवून काढा, "अं" आणि "म्हणजे" सकट. पहिल्या दिवशी फार त्रास होतो. माझ्या मुलांना व्हायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कान तयार होतो.

---

कोरडवाहू | १९ जुलै, रात्री ९.३०

मी वर्धा जिल्ह्यातला. माई, म्हणजे सिंधुताई, आमच्या पिंपरी मेघेच्या. म्हणून थोडं मनातलं बोलतो, राग मानू नका.

माईचं भाषण "सभाधीटपणा कसा आणावा" याचा धडा म्हणून वापरलेलं मला खुपतं. त्या पहिल्यांदा कशासाठी बोलल्या हे फार कमी लोक सांगतात. लग्न होऊन नवरगावला गेल्या होत्या, वय कोवळं. जंगलात गुरांचं शेण गोळा करायचं काम बायका करायच्या आणि त्या शेणाचा लिलाव होऊन पैसा दुसऱ्याच्याच खिशात जायचा. राबणाऱ्या बाईच्या हाती काही नाही. त्याविरुद्ध या बोलल्या, कलेक्टरपर्यंत गेल्या, आणि बायकांच्या बाजूने निकाल लागला. त्याची किंमत काय मोजली? गावातल्या ज्याचा पैसा बुडाला त्याने चारित्र्यावर चिखल उडवला. नवऱ्याने नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला मारून गोठ्यात टाकलं. १९७३ सालची गोष्ट. माहेरीही दार उघडलं नाही.

म्हणजे माईच्या बोलण्याची सुरुवात धाडसाने झाली आणि त्या धाडसाने त्यांचं घर गेलं. पुढे जे बोलल्या ते पोरांच्या पोटासाठी. एका बाईला अनाथ पोरं सांभाळायला गावोगाव पदर पसरावा लागतो, यात आपण टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची? २०२१ ला पद्मश्री मिळाली, जानेवारी २०२२ मध्ये माई गेल्या. १९७३ पासून तोवरच्या सगळ्या वर्षांत पदर पसरलेलाच होता. भाषण ऐकून रडणारे लाख, महिन्याला धान्याचं पोतं देणारे किती?

---

निळी_शाई | १९ जुलै, रात्री ११.५०

कोरडवाहू दादा, राग कशाचा? तुम्ही लिहिलंत ते वाचून मी उठून पाणी प्यायले आणि परत वाचलं.

शेणाची गोष्ट मी त्या व्याख्यानात ऐकली होती, पण माझ्या वहीत ती नाही. मी "कसं बोलल्या" ते टिपत होते, "कशासाठी बोलल्या" ते सुटलं. माझ्या सभेत माझं काही जाणार नाही, हे खरं आहे. पण तुमच्यामुळे एक लक्षात आलं. त्या बायकांच्या मजुरीचा प्रश्न होता आणि माझ्यासमोर बसणाऱ्या सभासदांच्या पैशांचा. गेल्या वर्षी ज्यांनी थकबाकी विचारली ते रिक्षा चालवतात. पोरीच्या लग्नासाठी ठेव ठेवलीय त्यांनी. त्यांना उत्तर मिळायला हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं. मी इतके दिवस "मी घाबरले" एवढंच धरून बसले होते.

धान्याबद्दल तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलंय. पुरंदर तालुक्यातलं कुंभारवळणचं सिंधुताईंचं ममता बाल सदन आमच्यापासून फार लांब नाही. जाऊन येईन.

फळा_खडू सर, दुसरी वही उद्यापासून.

---

अडखळ | २० जुलै, सकाळी ८.१०

मी लहानपणापासून अडखळतो. "प" आणि "क" वर जास्त. माझ्या नावाची सुरुवातच "प" ने आहे, म्हणजे स्वतःची ओळख करून देणं हीच पहिली परीक्षा. कॉलेजात हजेरीला मी "हजर" म्हणायचो, "प्रेझेंट" नाही, कारण "ह" सोपा.

मला प्रेरणादायी भाषणांनी बरीच वर्षं उलट त्रास झाला. समोरचा माणूस एवढा सहज बोलतोय की आपण त्या जातीचेच नाही असं वाटायचं. धीर आला तो गांधीजींची आत्मकथा वाचून. लंडनमध्ये शिकताना ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या समितीवर होते. बोलायची वेळ आली की उभं राहता येत नसे. एकदा भाषण लिहून नेलं, तेही दुसऱ्याने वाचलं. परतण्याआधी मित्रांना जेवण दिलं, तिथे बोलायचं होतं, पहिल्या वाक्यापुढे गाडी गेली नाही. मुंबईत आल्यावर पहिलाच खटला, स्मॉल कॉज कोर्टात. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरलं, खाली बसले. तीस रुपये फी परत केली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे तर म्हणतात की या संकोचाचा त्यांना फायदाच झाला, शब्द जपून वापरायची सवय लागली.

मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला वाक्‌श्रवण संस्था आहे. वाणीवर उपचार करणाऱ्यांकडे मी उशिरा गेलो, तिशीत. तिथे मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मुद्दाम अडखळणं. हो, मुद्दाम. भाजीवाल्याकडे जाऊन "क-क-कोथिंबीर" असं ठरवून म्हणायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं. दहा वेळा केलं की अडखळण्याची भीती कमी होते. भीती गेली की अर्धं अडखळणं जातं, उरलेलं राहतं. राहू दे.

ताई, तुमच्या बाबतीत घसा कोरडा पडणं हे तसंच आहे असं समजा. तो पडणार. टेबलावर कोमट पाण्याचा पेला ठेवा आणि पहिल्याच मिनिटात, गरज नसताना, सगळ्यांसमोर सावकाश एक घोट घ्या. लोक थांबतात. कोणी काही म्हणत नाही. एकदा तो घोट घेऊन झाला की पुढचा घ्यायची लाज वाटत नाही.

---

सातवा_मैल | २० जुलै, संध्याकाळी ६.४०

सिंगापूरहून लिहितोय. इथे मी सहा वर्षं टोस्टमास्टर्समध्ये जातो. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली, लोकांसमोर बोलायचा सराव देणारी चळवळ, आता जगभर क्लब आहेत, पुण्या-मुंबईतही भरपूर.

तिथे माझ्या सगळ्यात कामी आलं ते भाषण देणं नाही, दुसऱ्याच्या भाषणावर बोलणं. प्रत्येक वक्त्याला एक मूल्यमापक असतो, त्याने दोन-तीन मिनिटांत सांगायचं की काय पोचलं आणि काय नाही. "छान झालं" म्हणून सुटता येत नाही. निळी_शाई, तुम्ही सात वेळा ऐकून जे केलंत ते हेच आहे.

एक माणूस फक्त "अं", "सो", "म्हणजे" मोजायला बसवलेला असतो. एक जण दिवे दाखवतो. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाच मिनिटांवर हिरवा, सहावर पिवळा, सातवर लाल. माझ्या पहिल्या भाषणात बत्तीस "अं" होते. मोजणाऱ्या बाईंनी तो आकडा शांतपणे वाचून दाखवला. सहाव्या भाषणापर्यंत तो नऊवर आला. "अं" च्या जागी काय आलं? काहीच नाही. गप्प बसणं आलं. आपल्याला ते गप्प बसणं फार लांबलचक वाटतं, ऐकणाऱ्याला ते कळतही नाही.

गावात क्लब नसेल तर घरातल्यांना बसवा. एकाने घड्याळ, एकाने "अं".

---

कोरडवाहू | २० जुलै, रात्री १०.०५

ताई, कुंभारवळणला जाल तेव्हा आधी विचारून न्या काय हवं ते. जुने कपडे सगळेच नेतात. तेल, डाळ, साबण, वह्या.

आणि अहवाल मोठ्याने वाचायला जागा हवी असेल तर शेत सगळ्यात बरं. मी सोसायटीच्या निवडणुकीला उभा होतो तेव्हा तुरीच्या ओळींसमोर भाषण म्हणायचो. मोकळ्यावर आवाज आपोआप पोटातून काढावा लागतो, घशातून काढला तर बांधापर्यंतही जात नाही.

---

निळी_शाई | २७ ऑगस्ट, रात्री १०.२०

मध्ये बरेच दिवस गेले. काय केलं ते सांगते.

फळा_खडू सरांची वही भरत आलीय. माझी सवय "म्हणजे" ची निघाली. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चार मिनिटांत एकोणीस. मुलगा मोजतो, तो सहावीत आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर भांडी घासायच्या आधी पाच मिनिटं. मधे दोन आठवडे काहीच केलं नाही. मार्चअखेरच्या हिशेबांवरचा ऑडिट अहवाल आला होता, दोषदुरुस्तीचं काम होतं. परत सुरू केलं तेव्हा "म्हणजे" पुन्हा चौदावर. जीव कसनुसा झाला. पण तेव्हा सिंधुताईंचं तेच व्याख्यान आठव्यांदा लावलं. या वेळी रडू आलं नाही. त्या एका ठिकाणी शब्द विसरतात, क्षणभर थांबतात, आणि समोरच्या कुणाला तरी "बाळा" म्हणून हाक मारून पुढे जातात. सात वेळा मला ते दिसलंच नव्हतं.

रामप्रहर यांच्या सांगण्यावरून अहवाल नव्याने लिहिला. आठ पानांची चार केली. बाकी आकडे छापील अहवालात आहेतच, ते सभासदांच्या हातात असतात. पहिलं वाक्य लिहायला नऊ दिवस लागले. "या वर्षी आपण दिलेल्या शंभर रुपयांपैकी पंच्याण्णव रुपये वेळेवर परत आले, आणि उरलेल्या पाच रुपयांची गोष्ट मी आज तुम्हाला सांगणार आहे." थकबाकीची टक्केवारी मी आजवर दशांश चिन्हासह वाचत होते. आता ती रुपयांत आली.

कुंभारवळणला जाऊन आले. विचारून नेलं होतं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

---

फळा_खडू | २८ ऑगस्ट, सकाळी ७.५०

"उरलेल्या पाच रुपयांची गोष्ट" हे तुमचं वाक्य आहे. बदलू नका. फक्त "पंच्याण्णव" उच्चारताना जीभ अडकते, तो शब्द दिवसातून वीस वेळा सुटा म्हणा.

---

निळी_शाई | २३ सप्टेंबर, रात्री ११.३०

सभा झाली.

मंगल कार्यालय, साधारण पावणेदोनशे सभासद. कोरम पुरा असल्याचं चेअरमननी जाहीर केलं, इतिवृत्त वाचून कायम झालं. मग मी. अडखळ यांचा घोट पहिल्या मिनिटात घेतला. हात थरथरत होता, पेल्यातलं पाणी हललेलं समोरच्या ओळीने पाहिलं असणार. पहिलं वाक्य म्हटलं आणि "पंच्याण्णव" नंतर थांबले. मनात तीन मोजले. सभागृहातला पंख्याचा आवाज ऐकू आला. गेल्या वर्षी मला तो ऐकू आला नव्हता.

सगळं नीट झालं असं नाही. लाभांशाच्या ठरावाशी येऊन एक ओळ पूर्ण विसरले. कागदात बघितलं, सापडली, पुढे गेले. आभार मानताना घसा पुन्हा दाटला, दोन संचालकांची नावं गाळली, नंतर जाऊन त्यांना भेटले.

अहवालानंतर प्रश्न. रिक्षावाले काका उठले नाहीत, त्यांना उत्तर आधीच मिळालं होतं बहुतेक. एक आजी उठल्या, पुढून तिसऱ्या रांगेतल्या. म्हणाल्या, "माझे वीस हजार त्या पंच्याण्णवात हायत का पाचात?" लोक हसले. मी हसले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. ते शंभर रुपये कोणते हे मीच पहिल्यापासून नीट समजावलं नव्हतं. मी व्यासपीठाच्या कडेपर्यंत गेले आणि सांगितलं की आजी, तुमची ठेव आहे, तुम्ही संस्थेला दिलेले पैसे. मी सांगितलेले शंभर रुपये म्हणजे संस्थेने इतरांना दिलेलं कर्ज. तुमची ठेव मुदतीला मिळणारच. पण ते पाच रुपये वसूल करणं आमचं काम आहे, कारण कर्ज वाटलं जातं ते तुमच्यासारख्यांच्याच ठेवीतून. आजी म्हणाल्या, "मग ते पाच कुणाकडं हायत ते बघा." आणि बसल्या.

हे उत्तर मी वहीत लिहिलं नव्हतं, रेकॉर्डही केलं नव्हतं.

---

रामप्रहर | २४ सप्टेंबर, सकाळी ६.०५

आजींचा प्रश्न वाचून आजोबांची फार आठवण आली. त्यांच्या कीर्तनात मधूनच एखादी बाई उठून असंच विचारायची, आणि ते आख्यान थांबवून आधी तिला उत्तर द्यायचे.

---

अडखळ | २४ सप्टेंबर, सकाळी ९.४०

हललेलं पाणी दिसलं तरी चालतं, ताई. मलाही आनंद झाला. काल ऑफिसात मी स्वतःचं नाव पूर्ण सांगितलं, मध्ये दोनदा अडकून.

---

कोरडवाहू | २४ सप्टेंबर, रात्री ८.१५

ते पाच रुपये कोणाकडे आहेत ते खरंच बघा ताई. आमच्याकडे थकबाकीत अडकलेला बहुतेक जामीनदार असतो, कर्ज घेणारा केव्हाच पुण्याला निघून गेलेला. शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून सही केलेली, आणि वसुलीची नोटीस आली की घरात भांडणं. कोणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं, असं प्रत्येक जण नंतर म्हणतो.

---

निळी_शाई | ९ ऑक्टोबर, रात्री ९.५५

दादा, तुमचं वाचून यादी काढली. अर्ध्याहून जास्त खात्यांत तुम्ही म्हणता तेच. मंडळापुढे ठेवलं. ठरलं की जवळच्या चार गावांत बचत गटांच्या बैठकीत जाऊन "जामीनदार म्हणून सही करण्याआधी काय विचारावं" हे सांगायचं. बोलायचं मी.

पहिल्या गावात परवा झालं. अठरा बायका, शाळेच्या वऱ्हांड्यात, माईक नाही. सुरुवात कायद्यापासून केली आणि त्या पाचव्या मिनिटाला आपसात बोलायला लागल्या. शेवटी मी एका सहीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न सांगता, तेव्हा शांत झाल्या. उद्या दुसरं गाव आहे. भाषण तेच. आज संध्याकाळी सहीची गोष्ट उचलून सुरुवातीला आणली आणि कायदा मागे टाकला. मुलाने ऐकलं. "म्हणजे" सहा.